समोरचा बोली लावणारा खरा होता की डमी? जुन्या ट्रॅक्टरच्या ऑनलाइन लिलावाबद्दल जरा सविस्तर

तुमचा प्रश्न मी आधी माझ्या शब्दांत मांडतो, चुकलं तर सांगा. ऑनलाइन लिलावात एका वापरलेल्या ट्रॅक्टरवर तुम्ही बोली लावत होतात, शेवटच्या काही मिनिटांत फक्त एकच जण तुमच्यासमोर उरला, तुम्ही वाढवलं की लगेच त्याची बोली एक टप्पा वर, शेवटी तुम्ही सोडून दिलंत आणि तो जिंकला. मग दोन आठवड्यांनी तोच ट्रॅक्टर परत लिलावाच्या यादीत दिसला. तुमचं म्हणणं असं की तो समोरचा माणूस मालकाचाच होता, सगळं फिक्स आहे, मग अशा ठिकाणी पुन्हा जावं का, आणि स्वतःचं जुनं बेलर (चाऱ्याच्या गाठी बांधणारं यंत्र) तिथे विकायला द्यावं का.

मी वापरलेली शेती यंत्रं तपासून किंमत काढून देण्याचं काम करतो, आणि मधली काही वर्षं लिलाव घेणाऱ्यांच्या बाजूनेही काम केलंय, म्हणजे यादी बनवणं, यार्डात यंत्रं उतरवून घेणं, तक्रारी ऐकणं वगैरे. त्यामुळे दोन्हीकडचं थोडं माहिती आहे. पण आधीच सांगतो, ठाम हो किंवा नाही मी देऊ शकत नाही, कारण बरंच काही तुमच्याकडचा कायदा काय, तो लिलाव राखीव किमतीचा होता (म्हणजे ठरावीक आकड्याखाली मालक विकणार नाही) की विनाराखीव, विकणारा कोण होता (शेतकरी, डीलर, की कर्जवसुलीवाली बँक) यावर आहे. आणि खरं सांगायचं तर तुमचा प्रश्न एक नाहीये, दोन आहेत. तो माणूस डमी, म्हणजे किंमत चढवायला मालकाने उभा केलेला खोटा बोलीवाला होता का हा एक, आणि डमी असला तरी माझं नुकसान होऊ नये म्हणून काय करायचं हा दुसरा. लोक पहिल्यातच अडकतात. पैसे मात्र दुसऱ्यात जातात.

पहिला आधी घेऊ. यंत्र परत यादीत येणं हे संशयाचं कारण आहे पण पुरावा नाही. मी पाहिलेल्या प्रकरणांत सगळ्यात साधं कारण म्हणजे जिंकणाऱ्याने पैसेच भरले नाहीत. अनामत कमी असली की हे सर्रास होतं, रात्री जोशात बोली लावतात आणि सकाळी फोन उचलत नाहीत. दुसरं म्हणजे राखीव किंमत गाठलीच गेली नव्हती, स्क्रीनवर "सर्वात मोठी बोली" दिसली म्हणून तुम्हाला वाटलं विकला गेला, पण मालकाने मान्यताच दिली नाही. तिसरं, घेणाऱ्याने यार्डात जाऊन ट्रॅक्टर पाहिला, वर्णनात नसलेला दोष सापडला आणि भांडून व्यवहार रद्द केला. चौथं, घेणारा व्यापारीच होता आणि लगेच पुढे विकतोय. आणि पाचवं तुम्ही म्हणताय ते, मालकाच्या माणसाने किंमत चढवायला बोली लावली, तुम्ही थांबलात आणि ट्रॅक्टर त्याच्याच गळ्यात पडला.

यातलं कुठलं हे बऱ्यापैकी कळू शकतं. आधी सिरियल नंबर आणि चेसिस नंबर जुळवा, फक्त मॉडेल आणि रंग सारखा असून उपयोग नाही. मग फोटो बघा. तेच फोटो, तीच जागा, टायरखालची तीच जमीन असेल तर यंत्र जागेवरून हललंच नाही, म्हणजे व्यापाऱ्याने उचलून परत विकायला आणलंय ही शक्यता जवळपास गेली. आवर मीटरवर (इंजिन किती तास चाललं ते दाखवणारं मीटर) तास तेवढेच आहेत का बघा. वर्णनात एखादी ओळ वाढलीय का, उदाहरणार्थ "क्लच तपासून घ्यावा", तर आधीच्या घेणाऱ्याने दोष काढला असणार. आणि मग सरळ फोन करून विचारा की हे परत का आलं. चांगला लिलाववाला याचं उत्तर देतो, "आधीच्या खरेदीदाराने पैसे भरले नाहीत" एवढं सांगायला त्याला काही अडचण नसते. उत्तर द्यायला टाळाटाळ झाली तर मी ती त्याच्या विरोधात धरतो.

आता ते "मी वाढवलं की सेकंदात त्याची बोली" प्रकरण. यावरून डमी ठरवू नका. बहुतेक ऑनलाइन लिलावांत ऑटोमॅटिक बोलीची सोय असते, माणूस आधीच आपली कमाल रक्कम टाकून ठेवतो आणि सिस्टीम त्याच्या वतीने गरजेपुरतं एक एक टप्पा वाढवत जाते. तो कदाचित शेतात होता किंवा झोपला होता. तुम्ही मशीनशी भांडत होतात, आणि मशीनला राग येत नाही, तुम्हाला येतो. खरा डमी वेगळा ओळखू येतो. बोलीचा इतिहास उघडा दाखवत असतील (टोपणनावाने का होईना) तर बघा की तो एकाच विक्रेत्याच्या यंत्रांवर बोली लावतो का, खूप लॉटवर (लॉट म्हणजे यादीतली विकायची एकेक वस्तू) बोली लावून जवळपास कधीच जिंकत नाही का, आणि शेवटच्या क्षणी न लावता मधल्या टप्प्यात किंमत वर ढकलून बाजूला होतो का. डमीला जिंकायचं नसतं, म्हणून तो शेवटच्या टोकाला जायला घाबरतो. तुमच्या केसमध्ये तो टोकापर्यंत आला आणि जिंकला, हे डमीच्या स्वभावात बसत नाही, अर्थात हावरट डमीही असतात. एक लबाडी मात्र खास लक्षात ठेवा: कोणीतरी एकदम भलीमोठी बोली टाकतं, त्यामुळे तुमची ऑटोमॅटिक बोली पूर्ण वर जाऊन तुमची कमाल रक्कम उघडी पडते, मग "चुकून टाकली" म्हणून ती बोली मागे घेतली जाते आणि दुसऱ्या नावाने तुमच्या आकड्याच्या जरा खाली येऊन बसतात. बोली मागे घेण्याचे नियम सैल असलेल्या साइटवर मी कमाल रक्कम आधी टाकतच नाही. अजून एक, ही कमाल रक्कम लिलाववाल्याच्या सिस्टीममध्ये असते म्हणजे त्याच्या माणसांना दिसू शकते, तेव्हा ज्याच्यावर पूर्ण भरवसा नाही त्याच्याकडे ती ठेवून जायची नाही, स्वतः बसून बोली लावायची.

बरं, मालकाने स्वतः बोली लावणं गुन्हा आहे का? इथे बऱ्याच जणांचा गैरसमज असतो. अनेक देशांत ते सरसकट बंद नाही, न सांगता करणं बंद आहे. भारताच्या १९३० च्या माल विक्री कायद्यात कलम ६४ लिलावाबद्दल आहे आणि ते ब्रिटिशांच्या १८९३ च्या कायद्यावर बेतलेलं आहे. त्याचा सार असा: विक्रेत्याने बोली लावण्याचा हक्क आधी उघडपणे राखून ठेवला असेल तर चालेल, तसं जाहीर केलं नसेल तर त्याने स्वतः किंवा दुसऱ्यामार्फत बोली लावणं आणि लिलाववाल्याने जाणूनबुजून ती घेणं बेकायदेशीर, आणि खरेदीदार त्या विक्रीला फसवणूक समजू शकतो. किंमत चढवायला खोट्या बोली लावल्या असतील तर खरेदीदाराच्या मर्जीने व्यवहार रद्द होऊ शकतो. अमेरिकेच्या युनिफॉर्म कमर्शियल कोडमध्ये (तिथला व्यापारी व्यवहारांचा कायदा) तर मला आवडणारी एक तरतूद आहे, खरेदीदाराने वाटलं तर विक्री रद्द करावी, नाहीतर शेवटची जी प्रामाणिक बोली होती त्या किमतीला माल घ्यावा. म्हणजे डमीने चढवलेला भाग छाटून टाकायचा. पण नीट वाचा, या बहुतेक तरतुदी जिंकलेल्या माणसासाठी आहेत. तुम्ही हरलात. तो डमी असेल तर त्याने तुमचे पैसे घेतले नाहीत, उलट वाचवले म्हणा ना. त्यामुळे कायद्याच्या मागे धावण्यात तुमच्या हाती फारसं काही लागेल असं मला वाटत नाही.

फक्त एक अपवाद, लिलाव विनाराखीव म्हणून जाहीर झाला असेल तर गोष्ट बदलते. इंग्लंडमध्ये १८५९ मध्ये वॉर्लो विरुद्ध हॅरिसन असा खटला झाला, घोडी विकायची होती, जाहिरातीत लिहिलं होतं विनाराखीव, एकाने ६० गिनी (तिथलं जुनं नाणं) बोली लावली आणि मालकाने स्वतःच ६१ म्हणून घोडी आपल्याकडेच ठेवली. म्हणजे तुमचीच गोष्ट, फक्त ट्रॅक्टरच्या जागी घोडी. खटला ज्या पद्धतीने मांडला होता त्यामुळे तो माणूस तिथल्या तिथे जिंकला नाही, पण बहुसंख्य न्यायाधीशांचं म्हणणं असं पडलं की विनाराखीव जाहीर करणं हे लिलाववाल्याने सगळ्यात मोठी खरी बोली लावणाऱ्याला दिलेलं वचन आहे. तेच सूत्र धरून २००० मध्ये बॅरी विरुद्ध डेव्हिस या खटल्यात अपील कोर्टाने निकाल दिला. इंजिन तपासायची दोन नवीन यंत्रं, कंपनीची किंमत एकेकाची साधारण १४,००० पौंड, विनाराखीव लिलावात एकाच माणसाने प्रत्येकी २०० पौंड बोली लावली, लिलाववाल्याला ते फारच कमी वाटलं म्हणून त्याने यंत्रं मागे घेतली आणि नंतर दुसऱ्याला विकली. कोर्टाने लिलाववाल्याला २७,६०० पौंड भरपाई द्यायला लावली. विनाराखीव शब्दाला एवढं वजन आहे (निदान तिथे). म्हणून त्या ट्रॅक्टरच्या पानावर नेमकं काय लिहिलं होतं ते आधी शोधा, आणि स्क्रीनशॉट घेऊन ठेवा.

यावरून मी एक गोष्ट शिकलोय आणि माझं सगळं काम त्यावर चालतं. लिलावात माणसांवर विश्वास ठेवायचा की नाही हा विचारच मी करत नाही, पहिली बोली लागायच्या आधी काय काय लिहून ठेवलंय ते बघतो. अटींचं पान. कंटाळवाणं असतं, बारीक अक्षरात असतं, कोणी वाचत नाही, पण लिलाव स्वच्छ आहे की नाही हे तिथेच दिसतं. राखीव किंमत आहे का हे लॉटवर लिहिलंय का (आकडा सांगितला नाही तरी चालेल, आहे की नाही तेवढं कळलं पाहिजे). राखीव किमतीपर्यंत लिलाववाला विक्रेत्याच्या वतीने बोली लावू शकतो असं लिहिलंय का, अनेक ठिकाणी लिहिलेलं असतं आणि मग तिथपर्यंतच्या बोली हवेतल्या असू शकतात हे गृहीत धरायचं. लिलाववाल्याचा स्वतःचा किंवा त्याच्या नोकरांचा माल यादीत आहे का आणि असेल तर तशी खूण केलीय का. मालकी स्वच्छ असल्याची, म्हणजे यंत्रावर कर्जाचा बोजा नसल्याची हमी कोण देतंय. पैसे कोणाच्या खात्यात जातात आणि मालकाला कधी दिले जातात. काही मोठ्या कंपन्यांनी तर विनाराखीव पद्धतीवरच नाव कमावलं, कॅनडात १९५८ मध्ये सुरू झालेली रिची ब्रदर्स त्यातली सर्वात माहितीतली, किमान बोली नाही आणि मालकाला स्वतःच्या मालावर बोली लावायची मनाई असा त्यांच्या विनाराखीव लिलावांचा नियम. धंद्याच्या दृष्टीने हे साधंसरळ गणित आहे, खरेदीदाराला खात्री असली की यंत्र आज विकलं जाणारच तर तो लांबून येतो, आणि लांबून माणसं आली की मालकाला राखीव किमतीची गरज कमी पडते.

शेवटच्या मिनिटांबद्दलही बोलतो कारण तुम्ही त्यातच अडकलात. दोन प्रकार असतात. एकात घड्याळ ठरल्या वेळी बंद, मग बोली लागो न लागो. दुसऱ्यात शेवटच्या काही मिनिटांत बोली आली की वेळ पुढे सरकते. अल्विन रॉथ आणि अॅक्सेल ओकेनफेल्स या दोघा अर्थतज्ज्ञांनी २००२ मध्ये ईबे आणि अॅमेझॉनच्या त्या वेळच्या लिलावांची तुलना केली होती, ईबेवर वेळ ठाम होती आणि अॅमेझॉनवर वाढत होती, आणि शेवटच्या क्षणी बोली टाकण्याचा प्रकार ईबेवर कितीतरी जास्त सापडला. शेती यंत्रांना मी वेळ वाढणाराच लिलाव बरा मानतो, कारण खेड्यातलं नेटवर्क, हळू मोबाइल, आणि शेवटच्या सेकंदाची शर्यत म्हणजे ज्याचं इंटरनेट जलद त्याचा ट्रॅक्टर. पण वेळ वाढणाऱ्या लिलावात मनावर ताबा लागतो, ते संपतच नाही, आणि प्रत्येक वेळी वाटतं अजून एक टप्पा तर आहे.

आता खरं सांगू का, इतकी वर्षं यंत्रं तपासतोय, डमीमुळे बुडालेले लोक मला कमी भेटलेत आणि न बघता घेतलेल्या यंत्रामुळे बुडालेले ढीगभर. लिलावातली खरी असमानता बोलीत नसते, माहितीत असते. मालकाला माहीत असतं की तिसरा गिअर उतारावर सुटतो, तुम्हाला नसतं. अर्थतज्ज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या गाड्यांच्या बाजारावर एक निबंध लिहिला, पुढे २००१ मध्ये त्यांना याच विषयावरच्या कामासाठी नोबेल मिळालं, त्यातला मुद्दा असा की घेणाऱ्याला चांगलं वाईट ओळखता येत नसेल तर तो सरासरी किंमतच देणार, मग चांगला माल असलेला मालक म्हणतो या भावात मी कशाला देऊ, तो निघून जातो, आणि बाजारात खराब मालच उरत जातो. मी हे यार्डात डोळ्यांनी पाहिलंय. जिथे तपासणी अहवाल नाही, बघायला दिवस नाही, सुरू करून दाखवत नाहीत, तिथे हळूहळू चांगली यंत्रं येणंच बंद होतं. म्हणून मी लिलाववाल्याची परीक्षा घेतो ती तपासणीवरून. "जसे आहे, जेथे आहे" अशी अट असणं वाईट नाही, ती सगळीकडेच असते, पण त्या अटीबरोबर मनसोक्त बघू दिलं पाहिजे. बघू देत नाहीत आणि "जसे आहे" म्हणतात तिथून मी निघतो.

बघायला गेलात तर काय बघायचं. सकाळी लवकर आणि न सांगता गेलेलं बरं, इंजिनला हात लावून बघा, आधीच गरम असेल तर कोणीतरी तुमच्यासाठी सुरू करून ठेवलंय, आणि गार इंजिन सुरू होताना काय करतं हेच तर बघायचं असतं. गार असतानाच रेडिएटरचं झाकण उघडा (गरम असताना मुळीच नाही), पाण्यावर तेलाचा तवंग आहे का, सुरू केल्यावर बुडबुडे येत राहतात का. ऑइल फिलरचं झाकण काढून किती धूर फेकतो ते बघा. लिफ्टवर वजन घेऊन वर उचला, इंजिन बंद करा आणि किती वेगाने खाली बसते ते बघा. पीटीओ शाफ्टचे (जोडलेलं अवजार फिरवणारा मागचा दांडा) दाते, ड्रॉबारची लांबट झालेली भोकं, पुढच्या एक्सलचा हलणारा खेळ, क्लच पेडलचं रबर. एकट्या आवर मीटरवर मी कधीच विसंबत नाही. जुन्या यांत्रिक मीटरमध्ये तास इंजिनच्या फेऱ्यांवरून मोजतात, ठराविक आरपीएमला चाललं तरच मीटरचा तास घड्याळाच्या तासाएवढा, मंद चाललं तर मीटर मागे राहतं, म्हणजे कोणी लबाडी न करताही आकडा खरा नसतो. नवीन यंत्रांत कंट्रोलरमध्येही तास साठवलेले असतात, निदान करायचं उपकरण लावून ते डॅशबोर्डशी जुळतात का बघता येतं. मीटरवर कमी तास आणि पेडल झिजून चकचकीत, सीट फाटलेली, मागचे टायर बदललेले असं असेल तर मी पेडलवर विश्वास ठेवतो. बऱ्याच टायरवर चार आकडी तारीख असते, पहिले दोन आकडे आठवडा आणि पुढचे दोन वर्ष, यंत्राच्या वयाशी ताडून बघा. हार्वेस्टर असेल तर दोन वेगळे तास विचारा, इंजिनचे आणि मळणीचे, रस्त्यावर पळालेलं यंत्र आणि शेतात राबलेलं यंत्र यात फार फरक पडतो. महाग यंत्र असेल तर ऑइलचा नमुना प्रयोगशाळेत द्या, सिलिकॉन जास्त आलं तर धूळ आत जातेय, सोडियम किंवा पोटॅशियम वाढलेलं असेल तर कूलंट मिसळतंय अशी शंका घ्यावी. मात्र ऑइल कालच बदललेलं असेल तर नमुना काहीच सांगत नाही, आणि लिलावाच्या आदल्या आठवड्यात ऑइल नेमकं बदललेलंच असतं, काय करणार. ताजा रंग मला आवडत नाही. धूळ बसलेला, तेलाचे डाग असलेला ट्रॅक्टर परवडतो, डाग कुठून सुरू झालाय ते तरी दिसतं.

इथवरचं थोडक्यात: परत यादीत आलेलं यंत्र म्हणजे फसवणूकच असं नाही, नंबर आणि फोटो जुळवून कारण विचारा, झटपट येणारी बोली म्हणजे डमी नव्हे, विनाराखीव लिहिलं होतं का ते शोधा, आणि यंत्र डोळ्यांनी बघा. आता पैशाकडे येतो.

समोर डमी असो, व्यापारी असो की ऑटोमॅटिक मशीन, तुमचा आकडा आधी ठरलेला असेल तर कोणीही तुम्हाला त्याच्या वर नेऊ शकत नाही. हा आकडा उलटा काढायचा. समजा असं चालू स्थितीतलं, दुरुस्त केलेलं यंत्र तुमच्या दारात उभं राहायला तुम्ही जास्तीत जास्त १०० द्याल. तपासणीत निघालेली दुरुस्ती १२, वाहतूक आणि चढवणं उतरवणं ४, राहिले ८४. लिलाववाल्याचं खरेदीदाराकडून घ्यायचं कमिशन ५ टक्के असेल तर ८४ भागिले १.०५, म्हणजे ८०. तुमची बोली ८० ला संपते, ८४ ला नाही आणि १०० ला तर नाहीच. त्यावर कर लागत असेल तर आकडा अजून खाली. बहुतेक लोक स्क्रीनवर १०० पर्यंत जातात आणि बिल बघून म्हणतात फसवलं. न बघितलेल्या यंत्रासाठी मी दुरुस्तीचा आकडा दुप्पट धरतो, तो माझा स्वतःचा नियम आहे, शास्त्र नाही.

आणि अजून थोडं खाली या, त्याला कारण आहे. १९७१ मध्ये केपेन, क्लॅप आणि कॅम्पबेल या तिघा तेल कंपनीतल्या इंजिनिअरांनी दाखवलं की तेलाच्या क्षेत्रांच्या लिलावात जिंकणारी कंपनी बऱ्याचदा तोट्यात जाते, कारण सगळ्यांचे अंदाज थोडे वर थोडे खाली असतात आणि जिंकतो तो सगळ्यात जास्त वर चुकलेला. ट्रॅक्टरच्या आत काय आहे याचा अंदाजही तसाच असतो. वीस जण बोली लावतायत आणि त्यात तुमचीच सगळ्यात मोठी, तर त्या एकोणीस जणांना काय दिसलं जे मला दिसलं नाही हा प्रश्न स्वतःला विचारायचा. गंमत अशी की गर्दी वाढली की लोक जास्त बोली लावतात, खरं तर जास्त सावध व्हायला पाहिजे.

एक बाजू कोणी विचारत नाही, खरेदीदारांची टोळी. चार व्यापारी आधीच ठरवतात की आपल्यात बोली वाढवायची नाही, एकाने स्वस्तात घ्यायचं आणि नंतर मागच्या बाजूला आपसात दुसरा लिलाव करून फरक वाटून घ्यायचा. यात मार मालकाला बसतो. ब्रिटनने तर १९२७ मध्येच व्यापाऱ्यांच्या अशा करारांविरुद्ध वेगळा कायदा केला. नुसतं नवल म्हणून सांगतो, हीच युक्ती १९३० च्या दशकात अमेरिकेतल्या शेतकऱ्यांनी उलट्या कारणासाठी वापरली, कर्जापायी शेजाऱ्याची अवजारं लिलावाला निघाली की सगळे जमून दोन पाच सेंटच्या बोली लावायचे, बाहेरच्याला तोंड उघडू द्यायचे नाहीत, आणि सगळं त्याच शेजाऱ्याला परत करायचे. पेनी ऑक्शन म्हणायचे त्याला. नियमाने बघितलं तर तीही टोळीच आणि त्यात धाकदपटशाही होती, पण मी त्या गर्दीत असतो तर मीही गप्प उभा राहिलो असतो बहुतेक.

यावरून तुमच्या बेलरकडे येतो. त्या लिलाववाल्याकडे द्यावं का, तर त्याने ट्रॅक्टर परत का आला याचं सरळ उत्तर दिलं असेल आणि अटींच्या पानात वर म्हटलेल्या गोष्टी सापडत असतील तर माझी हरकत नाही. द्यायच्या आधी तीन गोष्टी लेखी घ्या: कमिशन किती आणि न विकल्यास काही लागणार का, खरेदीदाराने पैसे बुडवले तर काय (परत लिलाव कोणाच्या खर्चाने, त्याची अनामत कोणाला), आणि तुमचे पैसे किती दिवसांत. राखीव किंमत लावायचीच असेल तर कमी लावा. जास्त राखीव किंमत लावली की यंत्र विकलं जात नाही, परत यादीत येतं, आणि मग तुमच्यासारखाच कोणीतरी ते बघून म्हणतो यात काहीतरी गडबड आहे, दुसऱ्या वेळी बोली अजून खाली जाते. हंगाम सुरू होण्याच्या जरा आधीची तारीख मागा, हंगाम संपल्यावर बेलर कोणी विचारत नाही.

आणि दोष लिहा. नॉटर (दोरीला गाठ मारणारा भाग) कधीमधी गाठ सोडतो, पिकअपचे दोन दात बदललेत, एक बेअरिंग आवाज करतं, जे असेल ते, फोटोसकट. मी ज्यांच्यासाठी यादी बनवायचो त्यातले बरेच मालक याला घाबरायचे, दोष सांगितले तर भाव पडेल म्हणून. थोडा पडतोही. पण घेणारा काही न लिहिलेल्या यंत्रात मनाने दहा दोष धरून चालतो आणि लिहिलेल्या यंत्रात फक्त लिहिलेले तीन धरतो. शिवाय नंतर भांडण झालं तर तुमच्याकडे दाखवायला कागद असतो. चालू असतानाचा व्हिडिओ टाका, ट्रॅक्टरला जोडून, चाऱ्याच्या दोन गाठी बांधेपर्यंत न कापता. आणि लिलावाच्या दिवशी तुमच्या मेव्हण्याला, मित्राला, कोणालाही "जरा बोली वाढव रे" म्हणू नका, तुम्ही ज्याबद्दल इथे तक्रार केलीत तेच होईल ते, आणि कधीकधी बेलर त्याच्याच गळ्यात पडतं आणि कमिशन मात्र दोन्हीकडून भरावं लागतं.

त्या परत आलेल्या ट्रॅक्टरचे फोटो आणि लॉटचं वर्णन इथे टाकलंत (दोन्ही वेळचं) तर बघून सांगतो, सिरियल नंबरचे शेवटचे आकडे झाकून टाका.